रात्रीचा चष्मा

मैत्रिणींनो, मला चष्मा आहे हे आमच्या शेजारच्या वहिनींना बारा वर्षं ठाऊक नव्हतं. भिंतीला भिंत लागून घर, विरजणाची वाटी रोज इकडून तिकडे, तरी ठाऊक नव्हतं! कसं असणार? रात्री दहाला दार लावून, ओटा पुसून झाला, की मी न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहून डोळ्यांतल्या लेन्स काढायची, डबीत बुडवून ठेवायची आणि चष्मा लावायची. सकाळी दूधवाल्याची घंटी वाजायच्या आत लेन्स पुन्हा डोळ्यांत. त्यामुळे माझा चष्मा पाहिला तो फक्त ह्यांनी, सासूबाईंनी, माझ्या लेकीने, आणि फार तर न्हाणीघरातल्या पालीने.

चष्मा मला पाचवीत लागला. दर वर्षी नंबर थोडाथोडा वाढत बी.ए.च्या शेवटच्या वर्षी उणे साडेपाचावर येऊन एकदाचा थांबला. उणे साडेपाच म्हणजे काय, हे ज्यांचे डोळे धड आहेत त्यांना सांगून कळायचं नाही. वीतभर अंतरापलीकडचं सगळं जग पाण्यात विरघळल्यासारखं दिसतं. समोरचा माणूस हसतोय की रागावलाय ते त्याच्या आवाजावरून ओळखायचं. चष्म्याशिवाय चष्मा कुठे ठेवलाय ते सापडत नाही, ही त्यातली आणखी एक गंमत.

पुढे स्थळं यायला लागली. तुम्ही म्हणाल, २०१० साली कोण चष्मा बघून नकार देतं? देतात हो! एकांनी पत्रिका जमत नाही म्हणून कळवलं. दुसऱ्यांनी उंचीचं कारण सांगितलं. तिसऱ्या घरच्या बाई मात्र सरळ स्वभावाच्या निघाल्या. माझ्या आईला फोनवर म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे हो तुमची, पण चष्म्याची आहे, पुढे मुलांनाही लागेल." त्या रात्री बाबा जेवले नाहीत. आठवडाभराने ते मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, आणि त्या वर्षी दिवाळीला त्यांनी स्वतःला कपडे शिवले नाहीत. त्या पैशांत माझ्या पहिल्या लेन्स आल्या.

बाबांनी ह्यांच्या घरी काही लपवलं नव्हतं, हे आधी सांगून टाकते. मुलीला मोठा नंबर आहे, लेन्स वापरते, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं आणि ह्यांनी "असू दे की" म्हणून विषय संपवला होता. पण लग्नानंतरच्या पहिल्या मंगळागौरीला जाग्रणाने डोळे चुरचुरायला लागले, म्हणून पहाटे मी चष्मा लावून बाहेर आले, तेव्हा सासूबाई हळूच जवळ येऊन म्हणाल्या, "फोटो होईपर्यंत काढून ठेव हो तो. आलेल्या बायकांना कशाला दिसायला हवा?" आवाजात राग नव्हता. पदराला डाग पडलाय, झाकून घे, असं सांगावं तसं सांगितलं. पण माझ्या मनात ते जे बसलं ते बसलं. त्या दिवसापासून माझा चष्मा रात्रीचा झाला.

लेन्सना मी मुळीच नावं ठेवत नाही. नुसती नखाएवढी ती पापुद्र्यासारखी वस्तू, पण तिने मला चारही बाजूंनी स्वच्छ दिसायला लावलं. चष्म्यात कडेचं दिसत नाही, पावसात काचांवर थेंब, भाताच्या कुकरचं झाकण काढलं की वाफ. लेन्समध्ये ह्यातलं काही नाही. शिवाय मऊ लेन्सची गोष्ट वाचल्यापासून मला तिच्याबद्दल थोडी आपुलकीच वाटायला लागली. ओट्टो विख्तर्ले नावाच्या झेक शास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळातले तुकडे, सायकलचा डायनॅमो आणि दाराच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर जोडून एक यंत्र तयार केलं आणि त्यावर पहिल्या मऊ लेन्स ओतल्या. त्या सणात त्या घरच्या बाईंनी स्वयंपाक कुठे केला असेल, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. असो.

पण लेन्स वापरायची म्हणजे सोवळं पाळायचं. साबणाने हात धुऊन कोरडे केल्याशिवाय लेन्सला बोट लावायचं नाही, नळाचं पाणी तिला लागू द्यायचं नाही, ती डोळ्यांत ठेवून झोपायचं नाही, डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून नवं घालायचं. हे सगळं मी बहुतेक पाळत असे. बहुतेक म्हणते, कारण २०१९ च्या ऑगस्टात आमच्या सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा एका नातेवाइकांच्या माडीवर आम्ही तेरा माणसं होतो. चष्मा पिशवीत होता, सोल्यूशन मात्र घरी राहिलं होतं. शहाण्या बाईने लेन्स काढून फेकल्या असत्या आणि चष्मा लावला असता. मी दोन रात्री त्याच लेन्स डोळ्यांत ठेवून झोपले. बाहेर घरं बुडत होती आणि मला माडीवरच्या तेरा माणसांनी चष्म्यात बघू नये म्हणून धडपड! आता आठवलं की स्वतःचंच हसू येतं, आणि हसू ओसरलं की जरा भीतीही वाटते.

करोनाच्या वेळीही तेच. वूहानमधल्या ज्या तरुण डॉक्टरने त्या रोगाची पहिली धोक्याची सूचना आपल्या सोबत्यांना दिली, ते ली वेनलियांग डोळ्यांचेच डॉक्टर होते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच रोगाने ते गेले. त्यानंतर मार्चमध्ये अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने सुचवलं, की लेन्सवाल्यांनी सध्या चष्मा वापरलेला बरा, कारण लेन्सवाल्यांचा हात दिवसातून दहा वेळा डोळ्याकडे जातो. दुसऱ्या काही तज्ज्ञांचं म्हणणं पडलं, की हात नीट धुतले तर लेन्सने धोका वाढतो असा पुरावा नाही. मी अर्थातच दुसरं मत उचललं! मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते, ही सबब तर आयतीच हाताशी होती.

आता मुख्य गोष्टीकडे येते. २०२३ चा जून. लेक पाचवीत गेली आणि तिला फळ्यावरचं दिसेना. तपासलं तर दोन्ही डोळ्यांना पावणेदोन. तिसऱ्या स्थळाच्या त्या बाईंचं वाक्य माझ्या कानात पुन्हा वाजलं, पण मी ते झटकून टाकलं आणि तिला निळ्या काड्यांचा छान चष्मा करून आणला. आठ दिवसांनी तिच्या वर्गशिक्षिका भेटल्या तर म्हणाल्या, "पहिल्या बाकावर बसवलंय, चष्मा झाला की सांगा." म्हणजे चष्मा रोज दप्तरातून शाळेत जात होता आणि दप्तरातूनच परत येत होता. मी घरी येऊन रागावले. नंबर वाढेल, अभ्यास बुडेल, नेहमीचं सगळं बोलले. ती ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, "तू तरी कुठे घालतेस?"

काय उत्तर देणार? मी म्हटलं, "मी लेन्स लावते." ती म्हणाली, "मग मलाही लेन्स दे." दहा वर्षांच्या मुलीला लेन्स कशी द्यायची! विषय तिथेच अर्धा राहिला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हल्ली ते काही मोठं मानत नाहीत, त्याच दिवशी घरी सोडतात. पण पुढचे पाच-सहा आठवडे थेंब. दोन निरनिराळ्या बाटल्या, दिवसातून चार वेळा, एका औषधानंतर पाच मिनिटांनी दुसरं, बाटलीचं टोक पापणीला लागता कामा नये. थेंब घालायचं काम अर्थातच माझ्याकडे. त्यांची मान मागे करायची, खालची पापणी बोटाने हलकेच ओढायची आणि त्या खोबणीत बरोब्बर एक थेंब सोडायचा. बारा वर्षांत मी त्यांच्या चेहऱ्याच्या इतकी जवळ कधी गेले नव्हते.

आणि नेमके त्याच महिन्यात डोळे यायला सुरुवात झाली. आधी पुण्याजवळ आळंदीत शेकडो शाळकरी मुलांचे डोळे आल्याची बातमी आली, मग बघताबघता राज्यभर लोण पसरलं. ऑगस्टात रुग्णांचा आकडा लाखांत गेला. मी एका शाळेत सकाळच्या सत्रात मराठी आणि इतिहास शिकवते. एका सोमवारी सहावीच्या वर्गात गेले तर बत्तीसपैकी नऊ जागा रिकाम्या आणि आलेल्यांतली दोन मुलं लालबुंद डोळ्यांनी माझ्याकडे बघताहेत. बाकीची पोरं त्यांच्याकडे बघायला नको म्हणून तोंडं फिरवून बसलेली.

सासूबाईंचंही तेच म्हणणं, की डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघितलं की आपले येतात. त्यांना १९७१ ची साथ आठवते. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या, घरात सगळ्यांचे डोळे आले होते आणि त्यांच्या आजीने सगळ्या आरशांवर फडकी टाकली होती! त्या साथीचीही एक कथाच आहे. १९६९ मध्ये आफ्रिकेतल्या घानात ती पहिल्यांदा दिसली; माणूस चंद्रावर उतरला ते वर्ष, म्हणून लोक तिला 'अपोलो'चा रोग म्हणू लागले. पुढे ती बंगालात पोचली ती नेमकी बांगलादेशच्या लढाईच्या वेळी, निर्वासितांच्या लोंढ्यांबरोबर, आणि तिथे तिचं नाव पडलं 'जय बांगला'.

बघण्याने मात्र डोळे येत नाहीत, मैत्रिणींनो. ते हातांनी येतात. डोळे आलेलं माणूस डोळा चोळतं, तोच हात दाराच्या कडीला, टीव्हीच्या रिमोटला, मोबाइलला, टॉवेलला लागतो, आणि आपला हात तिथून आपल्या डोळ्यात जातो. काळा गॉगल लावला तर आजाऱ्याला उजेड खुपत नाही, आणि फार तर त्याचा हात डोळ्याकडे कमी जातो, एवढाच उपयोग. साथीत बहुतेक वेळा विषाणूच असतात. त्यातला ॲडिनो जातीचा विषाणू तर असा चिवट, की कोरड्या वस्तूवरही कित्येक दिवस टिकून राहतो. करोनाचा विषाणू सॅनिटायझरने झटकन मरत असे, कारण त्याच्यावर चरबीचं आवरण असतं. ह्याच्यावर ते नाही, म्हणून सॅनिटायझर त्याला तितकासा पुरा पडत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगले चोळून हात धुणं, हेच खरं.

हे सगळं मला सासूबाईंच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. त्यांनी बोलताबोलता माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "लेन्स? तुम्ही शाळेत शिकवता, ह्यांच्या डोळ्यात थेंब तुम्हीच घालता, आणि दिवसातून दोनदा स्वतःच्या डोळ्यांत बोट घालता? साथ संपेपर्यंत चष्मा लावा. ह्यांच्या डोळ्याची जखम अजून ओली आहे." सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी चष्मा लावून शाळेत गेले. सोपं नव्हतं हो! तो रात्रीचा चष्मा, चार वर्षांपूर्वी केलेला, एक काडी सैल, नाकावरची बसकी पिवळी पडलेली. चालताना जमीन जरा लांबच वाटत होती. शिक्षकखोलीत सगळ्यांनी विचारलं, "काय, लागला का?" बारा वर्षं लपवलेल्या गोष्टीचं उत्तर मी एका शब्दात दिलं, "हो, लागला." वर्गात एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्या गणिताच्या बाईंसारख्या दिसता." गणिताच्या बाईंची सगळ्यांना भीती वाटते, त्यामुळे हे बरं की वाईट मला कळलं नाही.

दहा-बारा दिवस असे गेले. इथेच गोष्ट संपली असती तर मी तुम्हांला आज काही सांगितलं नसतं.

२०२३ चा श्रावण अधिक होता, अठरा जुलैपासून सोळा ऑगस्टपर्यंत. धोंड्याचा महिना! धाकट्या नणंदेला आणि जावईबापूंना पुण्याहून वाण द्यायला बोलावलेलं, रविवार तीस जुलै. तेहेतीस अनारसे, तांब्याचं ताट, वर निरांजन, शिवाय पुरणाचे धोंडे. शनिवारी रात्री सासूबाई म्हणाल्या, "उद्या फोटो निघतील. एक दिवस लेन्स लावलीस तर काय होईल? आणि धोंडे उकडताना वाफ धरेल त्या चष्म्यावर."

आता हे सगळं त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. पण खरं सांगू? त्या बोलण्याआधीच मी लेन्सची डबी धुऊन ठेवली होती. मला निमित्त हवं होतं, ते त्यांनी दिलं.

रविवार छान झाला. नणंदेचा चार वर्षांचा मुलगा दिवसभर माझ्या मांडीवर. त्याचे डोळे आदल्या आठवड्यात येऊन गेले होते, पण आता बुबुळाभोवती पांढरं स्वच्छ दिसत होतं, तेव्हा तो बरा झाला असं सगळ्यांनी धरलं होतं. डोळे स्वच्छ दिसायला लागले तरी संसर्ग दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, हे मला नंतर कळलं. दुपारी तो रडला तेव्हा मी पदराने त्याचे डोळे पुसले. त्या हाताने नंतर काय काय केलं, देव जाणे. सासूबाईंचे थेंब घालायच्या आधी मात्र मी साबणाने हात धुतले होते, तेवढं मला पक्कं आठवतं. स्वतःच्या लेन्स काढताना धुतले होते का, ते आठवत नाही. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि भांड्यांचा ढीग पडला होता.

आणि एक दिवसाची लेन्स एक दिवसाची राहिली नाही. सोमवारी वाटलं, आज एवढा एकच दिवस. मंगळवारीही तसंच. शनिवारी सकाळी उठले तर डाव्या डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत होतं. शाळेत पालकसभा होती. आरशात पाहिलं, किंचित लाल. लेन्सवर धूळ असेल म्हणून ती सोल्यूशनने धुतली आणि पुन्हा त्याच डोळ्यात बसवली. सगळ्यांत मोठा मूर्खपणा तो. डोळा लाल असेल, खुपत असेल, पाणी येत असेल, तर लेन्स काढायची, लावायची नाही, हे त्या डबीवरसुद्धा छापलेलं असतं. दुपारी बाराला मी सभेतून उठून बाहेर आले तेव्हा डाव्या डोळ्यातून धार लागली होती. रविवारी उजवाही आला. सकाळी चिपडांनी पापण्या अशा चिकटल्या, की कोमट पाण्याचा कापूस धरून त्या सोडवाव्या लागल्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यानेच जास्त लागलं. कुणाकडून आलं विचाराल, तर भाच्याकडून की शाळेतून हे सांगता येत नाही, म्हणाल्या. ह्या विषाणूला पाच ते बारा दिवसही लागतात डोळा यायला. लेन्स लावली नसती तर आले नसते असंही नाही. पण आलेल्या डोळ्यात लेन्स घातल्यामुळे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला चरे पडले होते, आणि तिथून दुसरा जंतू शिरला असता तर नजरेवर बेतलं असतं. लेन्स, डबी, उघडलेली सोल्यूशनची बाटली, काजळाची डबी, सगळं टाकून द्यायला सांगितलं. लेन्सची ती जोडी पंधराच दिवसांपूर्वी उघडली होती. मी निमूटपणे टाकली. शेजारच्या वहिनींनी मध घालायला सांगितला, एका मैत्रिणीने गुलाबपाणी, आणि औषधाच्या दुकानातून कुणाचं तरी उरलेलं लवकर लाली घालवणारं औषध आणायचा सल्ला तर तिघींनी दिला. ते शेवटचं फार वाईट, बरं का. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, आणि डॉक्टरांनी बघितल्याशिवाय ते घातलं तर डोळ्याचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

पण माझ्या डोळ्यांचं मला तितकं काही वाटत नव्हतं. माझा जीव अडकला होता सासूबाईंच्या डोळ्यात. ऑपरेशनला अजून पाच आठवडेही झाले नव्हते. त्या डोळ्यात हे गेलं असतं तर? सबंध आठवडा दिवसातून चार वेळा माझंच बोट त्यांच्या पापणीला लागत होतं. त्या आठवड्यात मी रोज सकाळी भिंतीपलीकडून ह्यांना विचारायची, "अहो, आईंचा डोळा लाल आहे का बघा हो."

मी मागच्या खोलीत. माझं ताट, टॉवेल, उशी, साबण सगळं वेगळं. पावसाने ऊन नव्हतं, म्हणून माझे उशीचे अभ्रे गरम पाण्यात भिजवून धुवायचे आणि वाळले न वाळले की वरून कडक इस्त्री. रिमोट, कड्या, नळाची तोटी हे सगळं हे ऑफिसला जायच्या आधी साबणाच्या फडक्याने पुसायचे. सकाळचे आणि रात्रीचे थेंब ह्यांनी घालायचे ठरलं. दुपारच्या दोन वेळांचं काय? हे संध्याकाळी सातला येणार.

लेक म्हणाली, "मी घालते."

पहिल्या दिवशी थेंब आजीच्या गालावर पडला. दुसरा नाकावर. औषध महाग, आणि आजी वैतागलेली. दाराआडून मला नुसते आवाज येत होते. मग आजी म्हणाली, "अगं, तुला दिसतंय का तरी?" थोडा वेळ शांत. मग दप्तराची चेन उघडल्याचा आवाज. मग पुन्हा आजीचाच आवाज, "हां, आत्ता बरोबर पडला."

पावणेदोन नंबराला हातभर अंतरावरचं नक्कीच दिसतं, तेव्हा आधीचे थेंब चष्म्यावाचून चुकले की घाबरून चुकले, कोण जाणे. पण तिने असं धरून चाललं की चष्म्यामुळेच जमलं, आणि मी ते खोडून काढलं नाही. बारा दिवस दुपारी दोनला आणि पाचला ती हात धुऊन, चष्मा लावून, घड्याळात पाच मिनिटं मोजत आजीजवळ बसायची. शाळेतही लावायला लागली. माझ्या उपदेशाचा किंवा उदाहरणाचा त्यात काडीचा संबंध नाही. माझं उदाहरण तर मागच्या खोलीत कापसाने डोळे पुसत पडलं होतं!

सासूबाईंना काही झालं नाही. हात धुतल्यामुळे की नशिबाने, माहीत नाही. ऑपरेशनचा डोळा सहा आठवड्यांनी स्वच्छ, नंबर जवळजवळ शून्य.

माझं मात्र लांबलं. लाली पंधरा दिवसांत गेली, पण बुबुळाच्या काचेवर बारीक ठिपके राहिले. ह्या विषाणूने तसं कधी कधी होतं म्हणे. रात्री दिव्याभोवती कडी दिसायची, फळ्यावरची माझीच अक्षरं धुक्यातून वाचल्यासारखी वाटायची. नवरात्र उलटेपर्यंत ते चाललं. तोवर लेन्सचं नावही काढायचं नव्हतं. म्हणून गणपतीच्या आधी जाऊन मी नवा चष्मा केला. ह्या वेळी चार दुकानं हिंडून, लेकीला बरोबर घेऊन, तिच्या पसंतीने. दुकानदाराने काचा पातळ करण्याचे जास्त पैसे सांगितले, ते मी दिले. बाबांनी दिवाळीचे कपडे शिवले नव्हते, ते मला तेव्हा आठवलं.

लेन्स मी सोडून दिल्या असं नाही. पुढच्या वर्षी भाचीच्या लग्नात लावल्या होत्या, हल्ली रोज वापरून फेकायच्या मिळतात त्या. डबी नको, सोल्यूशन नको. पण शहरात कुठे डोळे येत असल्याचं ऐकलं, शाळेत एक जरी मूल लाल डोळ्यांचं दिसलं, घरात कुणाला नुसती सर्दी झाली, तरी त्या कपाटात आणि चष्मा नाकावर.

गौरीच्या दिवशी हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या. मी चष्म्यातच वाढत होते, नैवेद्याच्या पुरणाची वाफ काचांवर धरून अर्धं जग पांढरं झालेलं. सासूबाई एकाएकी माझ्याकडे निरखून बघायला लागल्या. मला मंगळागौर आठवली आणि माझा हात आपोआप चष्म्याकडे गेला.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. सगळ्यांदेखत त्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, स्वतःच्या पदराने दोन्ही काचा नीट पुसल्या आणि उजेडाकडे धरून पाहिल्या. "केवढे तेलाचे डाग हे! मला इथून दिसताहेत, आणि तुला लावलेला असून दिसत नाहीत?"

मग परत माझ्या हातात दिला.

पदराने काच पुसू नये, चरे पडतात, हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं.